मृणालिनी आता लिहीत नाही

ताई, तू गेल्यापासून आपल्या पानावर रोज कुणीतरी तुझी चौकशी करतं. मृणालिनीताई कुठे आहेत, बऱ्या आहेत ना, आमचं काही चुकलं का. एकीनं लिहिलंय की तुमचं लिहिणं थांबलं तसं घर सुनं वाटतं, आणि या बाईचं घर कुठल्या गावात आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही. मी सगळं वाचते आणि कुणालाच उत्तर देत नाही. तू गेलीस हे सांगायला एक ओळ पुरे. पण ती लिहिली की लगेच विचारतील, कोण होत्या त्या? तिथे माझा हात थांबतो.

तू हसशील. चौकात माइक हातात घेऊन कुणाचीही भीडभाड न ठेवणारी ही पोरगी एका ओळीला घाबरली म्हणून.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या बोरगाव मेघेच्या घरात पाहुणा आला की गठ्ठे सरकवून त्याला जागा करावी लागे. बाबा लिहायचे, आई ती भिंतीवर डकवायला खळ शिजवायची, आणि शाळेच्या आधी मी एसटी स्टँडवर वाटून यायची. अक्षरं मी शाळेत गिरवली असतील, पण वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' पासून. बाबांचा नियम एकच होता, खाली नाव पाहिजे. पूर्ण नाव आणि घराचा पत्ता. नाव नसलेलं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड, असं ते म्हणत. त्या नावापायी आमच्या दाराला काळं फासलं गेलं, बाबांना ठाण्यात बसवून ठेवलं, आणि पुढच्या पत्रकाखाली पुन्हा तेच नाव, तोच पत्ता. त्यामुळे भीती काय असते आणि ती कशी गिळायची ते मला कळतं, असा माझा समज होता. तो तू मोडलास.

तू माझी मावसबहीण, पण इतकी मोठी की तुझ्या लग्नात मी करवली म्हणून नटले आणि अक्षता पडायच्या आधी झोपून गेले. समुद्रपूरकडे दिली तुला. समुद्रपूरच की दुसरं काही, ते तुला आणि मला माहीत आहे. घरी कापडाचं दुकान. कापडाचंच का, आणि मावसबहीणच का, तेही तसंच. हे असं लिहिताना मला बाबांची आठवण येऊन लाज वाटते, पण हे तूच शिकवलंस, आणि आज तुझ्यासाठीच वापरते आहे.

मी इंटरनेटवर पान सुरू केलं तेव्हा त्यावर सगळं माझ्याच धाटणीचं होतं. कापसाचा भाव, बंद पडलेल्या बसफेऱ्या, त्यामुळे घरी बसलेल्या मुली. तू फोन केलास. चांगलं लिहिलं म्हणालीस, आणि मग विचारलंस, "पण यात तू कुठं हायेस व?" मी म्हटलं, माझा काय संबंध, प्रश्न मुलींचा आहे. तू म्हणालीस, माह्याजवळ एक गोष्ट हाय, सांगू का, पण माहं नाव नोको.

मग तू गच्चीवरून फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला तो पहिला आवाज. मागे कुरड्या वाळत घातलेल्या जुन्या पातळावर बसायला येणारे कावळे, मधेच तुझं हाड् हाड्, आणि त्यातूनच तू बोलत होतीस, एका दमात, जसं कुणी पाणी भरताना बोलतं. खालच्या लोकांना वाटे तू बहिणीशी बोलते आहेस. ते खरंही होतं. मी ऐकायची आणि टाइप करायची. ते झालं की तू फोन करून म्हणायचीस, आता याले पदर घेऊन दे.

पदर घ्यायचा म्हणजे तुझी ओळख लपेल एवढं बदलायचं. दुकानाची शाळा करायची, दोन जावांची एक करायची, गच्चीचा फ्लॅटचा सज्जा करायचा. आणि सगळ्यात आधी तुझी बोली काढायची, कारण तुझं एक 'काऊन' जरी राहिलं असतं तरी गाव कळलं असतं. मी तुझं बोलणं धुऊन, इस्त्री करून, पुस्तकी मराठीत घडी घालून ठेवायची. मृणालिनी हे नाव तूच निवडलंस, नावात तरी थाट असू दे म्हणालीस. वाचणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं की या पुण्याच्या दिसतात. तुला इतकं हसू आलं होतं. "मले पुण्याची समजून राह्यले लोक! जन्मात नागपूरच्या पुढं नाई गेलती मी."

मला मात्र हसू येत नसे. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायची, तू लपतेस म्हणून त्यांचं फावतं. तू नाव घातलंस तर तुझ्यासारख्या कितीजणींना धीर येईल. तू खोटी कॉफी पाजतेस लोकांना.

कॉफीवरून मी तुला फार छळलं. तुझा तो लेख, सासूबाई गेल्यानंतरचा. लग्न झाल्यापासून त्यांची आंघोळ होईपर्यंत तू कधी चहा घेतला नव्हतास. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठलीस, चहा केलास आणि खुर्चीवर बसून प्यायलास. मग आणखी एक कप केलास. पहिल्या कपाला तुला सुटल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या कपाला सासूबाईंची आठवण येऊन तू रडलीस. एवढंच होतं त्यात. वाईट शब्द नाही, कुणाची निंदा नाही. आपण चहाची कॉफी केली आणि लेख टाकला.

तो फिरला. इतका फिरला की फिरत फिरत तुझ्याच सासरच्या ग्रुपवर आला. तुझ्या भासऱ्यांनीच, थोरल्या दिरांनीच टाकला, वर लिहिलं, बघा आजकालच्या सुना. खाली सगळ्यांचं सुरू झालं. तुझी जाऊ म्हणाली की कॉफी पिणाऱ्या बायका अशाच. कुणी म्हणालं, हिच्या नवऱ्याला कळलं पाहिजे. तुझ्या नवऱ्यानं नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं. आणि एकेक जण बोलत असताना तू एकटीच गप्प, हे कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून तुलाही काहीतरी लिहावं लागलं. तू लिहिलंस, 'खरंच कठीण आहे.'

मग गच्चीवर जाऊन मला फोन केलास. आधी हसत होतीस, आणि हसता हसता तुझे दात वाजायला लागले. उन्हाळ्याचे दिवस, गच्ची तापलेली, आणि तुझे दात वाजत होते. मी घाबरले. मी विचारलं, ताई, काय करतील गं ते? समजा कळलं, तर काय करतील? मला वाटलं तू म्हणशील मारतील, हाकलतील. त्यावर काय करायचं ते मला माहीत होतं. त्यावर पत्रक काढता येतं.

तू म्हणालीस, "मारतीन असं नाई व. कोणी काहीच करत नाई. पण मंग मी चहा घेऊन जाईन अन् सारे माह्याकडे पाहतीन. त्या पाहण्याचं भेव हाय मले."

अनोळखी हजार माणसांना सांगताना तुझा आवाज कधी कापला नाही. ज्यांच्या ताटात तू रोज वाढत होतीस त्या पाच माणसांना कळेल म्हणून तुझे दात वाजले. मी तेव्हा सुद्धा भांडलेच. म्हटलं, अशानं काही बदलणार नाही. तू चिडलीस. तुझं ते चिडणं मला पाठ आहे. माहं माहं करून राह्यली तू, म्हणालीस, माहं टाइप करते, माह्या नावासाठी भांडते. तुहं कुठं हाय? सरकारबद्दल लिहिते, रस्त्याबद्दल लिहिते, तुले रात्री झोप काऊन येत नाई ते लिही ना एक डाव. खाली नाव टाक मोठ्ठं.

मी फोन ठेवून दिला. आणि खरंच लिहायला बसले. माझी झोप कशी जाते, छातीत कसं धडधडतं, सभेत टाळ्या घेऊन घरी आल्यावर दार लावून मी कशी बसून राहते. चार ओळी झाल्या आणि मी थांबले. वाटलं, हे बाबा वाचतील. बाबांचे कार्यकर्ते वाचतील आणि पुढच्या सभेत माझ्याकडे जरा जपून पाहतील. आमच्या घरात रागाला मोकळी जागा होती. रागासाठी कागद होता, शाई होती, खळ होती. भीतीसाठी घरात एक कोपराही नव्हता. मी त्या ओळी पुसल्या. तुला सांगितलं, वेळ नाही मिळाला. तुला कळलंच होतं.

पुढचं भांडण दिवाळीनंतर करू, असं माझ्या मनात होतं. तापाचं निमित्त झालं आणि तू दिवाळीनंतर राहिलीच नाहीस.

तुझ्या घरी लोक बसायला आले तेव्हा मी भिंतीला टेकून ऐकत होते. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. फार बोलत नव्हती बिचारी. सोशिक होती. कोणाले उलटून बोलली नाई कधी. तुझा नवरा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता आणि मधेच म्हणाला, "तिच्या मनात काही नसेच. जे होतं ते तोंडावर दिसे." तो खोटं बोलत नव्हता. चांगला माणूस आहे, तुझ्यासाठी दवाखान्यात धावला, अजूनही तुझी चप्पल दारातून हलवू देत नाही. म्हणून तर मला जास्त भीती वाटली. तिथे सगळे एका बाईसाठी रडत होते, आणि माझ्या पर्समधल्या फोनवर लोक दुसऱ्या बाईची वाट पाहत होते, आणि दोघींना ओळखणारी त्या खोलीत मी एकटी. माझ्या तोंडून एखादं वाक्य निसटेल म्हणून मी ओठ दातांखाली धरून बसले होते. लोकांना वाटलं, बहिणीचं दुःख आवरत नाही हिला. जावेनं पाणी आणून दिलं.

आता तुझ्या मुलीचं सांगते. तिचं नाव मी इथे सई ठेवते.

सई वर्ध्याला कॉलेजात आहे, रविवारी माझ्याकडे जेवायला येते. तू होतीस तेव्हाही यायची, हे तुला माहीत आहे. मी तिच्यापेक्षा थोडीच मोठी, तरी मावशी म्हणते आणि मावशीसारखं छळते. तू गेल्यावर पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही दोघी धड बोललोच नाही. दुसऱ्या वेळी वरणभात कालवता कालवता म्हणाली, मावशी, तुह्या पानावरची ती मृणालिनी लिहीनाशी झाली.

माझा घास तोंडात राहिला. मी म्हटलं, तू वाचतेस तिला? सगळंच वाचते म्हणाली. मैत्रिणी वाचतात, त्यांनीच दाखवलं. खरं लिहिते म्हणाली. तिच्या पोरीचं नवल वाटते, अशी आई असल्यावर घरात काय काय बोलत असतील. "माही आई साधी होती. तिच्या मनात असं काही राहतच नव्हतं."

मी तिच्या ताटात भाजी वाढत राहिले. तिला काही कळलं आहे आणि ती मला चाचपून पाहते आहे, की खरंच काही माहीत नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून मला समजेना. चेहरा तुझ्यासारखा आहे तिचा, काही दिसत नाही त्यावर.

मग ती म्हणाली की एक लेख तिनं फोनमध्ये जपून ठेवला आहे. मुलगी झाली तेव्हा बाईला काहीच वाटलं नाही, तो. ताई, तोच. आणि तो का जपलास असं मी विचारल्यावर तिनं बोटं ताटातच ठेवली आणि खाली पाहून बोलली. "आई गेली अन् मले रडू नाई आलं. अजूनही नाई येत. सारे रडून राह्यले, मी पाहून राह्यली. मावशी, मी अशी कशी व? मले भेव वाटते माहंच."

तुला एकदा मी विचारलं होतं, सईला हे कधी सांगणार. तू म्हणालीस, आत्ता कायले? तिचं लग्न होईल, तिले लेकरू होईल, आणि काहीच वाटत नाई म्हणून ती घाबरीन. ज्या दिवशी ती स्वतःले घाबरीन, त्या दिवशी सांगीन. तुला वाटलं होतं त्याला अजून कितीतरी वर्षं आहेत.

तरी मी त्या रविवारी सांगितलं नाही. तिला हॉस्टेलवर सोडलं आणि आठवडाभर स्वतःशी वाद घातला. पत्रक काढणाऱ्यांचं एक बरं असतं, सत्य सगळ्यांच्या मालकीचं असतं, ते चौकात नेऊन ठेवायचं. हे सत्य तुझं होतं. तू ते मला दिलंस ते पदर घेण्यासाठी, काढण्यासाठी नाही. आणि उघडं करून दाखवायचं कुणाला, तर जिच्याबद्दल तू म्हणाली होतीस की तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काही वाटलं नाही, तिलाच. तिनं तेवढंच धरलं तर? पुढचं ऐकायच्या आधीच उठून गेली तर? तू असतीस तर तिचा हात धरून ठेवला असतास. माझ्याकडे नुसता तुझा आवाज होता.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी दार लोटलं आणि म्हटलं, सई, तू जपून ठेवलेला तो लेख मी लिहिला आहे, पण सांगितला दुसऱ्या कुणी. ऐक. आणि तुझा आवाज लावला.

पहिल्याच शब्दाला तिनं माझं मनगट धरलं. आवाज कमी कर म्हणाली, घरात आम्ही दोघीच असताना. मग फोन उचलून कानाशी धरला, म्हणून त्यानंतरचं मी ऐकलं नाही, पण मला ते पाठ आहे. लेखात मी ते धुऊन टाकलं होतं, कापसाचा कागद केला होता. तू जसं म्हणालीस तसं आज पहिल्यांदा लिहिते, कारण सईनं लिही म्हटलं आहे.

"पोट्टी झाली अन् माह्या हातात देली. मले काईच नाई वाटलं. दुसऱ्याचं लेकरू धरल्यासारखं. मायले सांगतलं असतं तर ती नजर उतरवत बसली असती. मंग मी भेव पोटात घेऊनच दूध पाजलं तिले, महिनोन्महिने. एक डाव दुपारी वाती वळून राह्यली होती. ही रांगत आली अन् कापूस तोंडात टाकला. मी बोट घालून काढाले गेली, तं हिनं बोट धरलं हिरड्यायनं, अन् सोडेच ना, अन् हसे. तवा मले समजलं का हे माहं हाय. उशिरा समजलं. पण जे उशिरा आलं ते मंग गेलं नाई कधी."

संपल्यावर सईनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना रडली की नाही ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, आईले कॉफी आवडत नव्हती, मंग तो दुसरा लेख? मी म्हटलं, चहा होता तो. तिनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, त्या ग्रुपवर मी पण हाय, मी पण हसण्याचं चित्र टाकलं होतं मोठ्या बाबानं टाकलेल्या त्या लेखाखाली. मग थोड्या वेळानं, आईनं पाहलं असन ते.

तू पाहिलंच असणार, बाकी सगळ्यांचं तू मला वाचून दाखवलं होतंस. मला त्याबद्दल कधी बोलली नाहीस.

जायला निघाली तेव्हा तिनं चपला घातल्या आणि मग दारातच थांबून तीन गोष्टी सांगितल्या. बाबाले सांगजो नोको. आईचं नाव टाकजो नोको. अन् लोकायले सांगून टाक, वाट पाहून राह्यले ते. एवढं बोलताना तिनं मागे वळून जिन्याकडे पाहिलं, कुणी ऐकतं का म्हणून. अगदी तुझ्यासारखं. मला गलबलून आलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली, की हे लपवणं आता तिच्याकडे आलं. तू गच्चीवर एकटी वाहत होतीस ते.

तर लोकहो, मृणालिनी आता लिहीत नाही. ती गेली. पुण्याची नव्हती, आपल्याच जिल्ह्यातली होती. तिचा चहाचा लेख कितीतरी घरांच्या ग्रुपवर फिरला आणि कितीतरी सुनांनी त्याखाली 'खरंच कठीण आहे' असं लिहिलं असेल. तिचं उत्तर त्यातलं कुठलं, हे ज्यांना शोधायचं असेल त्यांनी आधी आपापल्या घरातल्या सगळ्या सुनांना विचारावं.

ताई, खाली मी माझं नाव घालते आहे, नेहमीसारखं, पूर्ण. पण हे पत्रक नाही. यात मी झोप येत नसल्याचं लिहिलं आहे, पुसलेल्या ओळींचं लिहिलं आहे, आणि माझे बाबा हे सकाळी चष्मा लावून वाचतील. तुझ्याशी भांडताना मला जे सोपं वाटत होतं ते किती अवघड आहे ते आज कळतंय. तुला हे कळल्याचं सांगायला हवं होतं. तू 'मंग?' म्हणाली असतीस, तेवढंच, आणि मी चिडले असते.

आणखी एक उरलं आहे. तुझ्या एका आवाजाचा आपण कधीच लेख केला नाही. त्याले पुरेल एवढा पदर नाई, असं तूच म्हणाली होतीस. त्यात काय आहे ते मी इथेही सांगत नाही. पण तो आहे, एवढं मी आत्ता लिहिलं. सई हे वाचेल. म्हणजे ती अजून काही आहे का विचारेल तेव्हा मला संपलं म्हणता येणार नाही. हे वाक्य काढून टाकावं असं सकाळपासून वाटतंय, तरी काढत नाही.

तो ऐकून ती तुझ्यावर रागावेल का, माझं घर सोडून जाईल का, मला माहीत नाही. तुला विचारायची सोय नाही. रविवारी तिच्या वाटचा भात लावीन. ती जेवेल, आणि मग तिनं तो आवाज मागितला तर देईन.